बर्चखालची जागा

इम्पी जानेवारीत गेली. आमच्याकडे जानेवारीत गेलेल्या माणसाला लगेच माती मिळत नाही. जमीन चार-चार फूट गोठलेली असते. कुदळ मारली तर ठिणगी उडते. म्हणून टेकडीवरच्या दफनभूमीच्या फाटकापाशी एक दगडी घर बांधलेलं आहे, बिनखिडकीचं, लोखंडी दाराचं. हिवाळ्यात गेलेली माणसं तिथे आपापल्या पेटीत थांबतात. मे महिन्यात जमीन सुटली की शहरातून खोदायचं यंत्र येतं आणि मग एकेकाला पुरतात. माझे वडील तिथे थांबले, आईही थांबली. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

इम्पीला वाटायचं. ती लहान असताना तिची आई नाताळच्या आधी गेली आणि शाळेची वाट त्या दगडी घरावरून होती. सगळा हिवाळा ती जाता-येता त्या दारासमोरून गेली. मला हे तिने आमच्या लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी सांगितलं, बटाटे सोलता सोलता.

"मी दाराला हात लावून बघायचे," ती म्हणाली. "हातमोजा लोखंडाला चिकटायचा. मला वाटायचं, आईच आतून धरतेय."

तिने आणखी एक बटाटा सोलला.

"रुडी, मला तिथे ठेवू नकोस."

"नाही ठेवणार," मी म्हटलं.

तेव्हा जून महिना होता. जूनमध्ये माणूस काहीही कबूल करतो.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी अंत्यविधीचं बघणारा माणूस शहरातून आला. आम्ही चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात बसलो, कारण गावात तेवढीच एक खोली सदा गरम असते. तरुण माणूस होता, सभ्य होता. शनिवारी प्रार्थना, कुठली गीतं, कोण पेटी उचलणार, हे सगळं त्याने विचारलं.

"आणि दफन मे महिन्यात," तो म्हणाला.

"त्याआधी नाही होणार?"

"मिस्टर हौटाला, हिवाळ्यात यंत्र ही टेकडी चढतच नाही. चढलं तरी त्याचे दात तुटतील."

"मी तिला शब्द दिला होता," मी म्हणालो. "त्या घरात ठेवणार नाही म्हणून."

एका परक्या माणसाला हे का सांगितलं कोण जाणे. परका होता म्हणूनच असेल. त्याने मान खाली घातली, मला वाईट वाटतं असं म्हणाला, आणि खरंच वाटत असावं. त्याच्या हातात काही नव्हतं. माझ्याही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या छातीचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून डॉक्टरांनी मला दारातला बर्फसुद्धा लोटायला बंदी केली आहे.

आम्ही बोलत होतो तेव्हा लेम्पी निएमी आमच्याकडे पाठ करून कप विसळत होती. चर्चचं स्वयंपाकघर तिच्या ताब्यात आहे. गावातलं एकही लग्न किंवा मरण तिच्या कॉफीशिवाय पार पडलेलं नाही. तिने मागे वळून पाहिलं नाही. नळ मात्र बंद केला होता, एवढं मला नंतर आठवलं.

संध्याकाळी माझी मुलगी कार्लीन मिनियापोलिसहून आली. तिला रविवारी परत जायचं होतं. आणि घरात जेवण यायला लागलं. बटाटा-मटणाचं, शेवयांचं, माशांचं, काचेच्या पसरट भांड्यांत, वर चांदीचा कागद, बुडाला चिकटपट्टीवर नाव. फ्रिज भरला, मग मागची पडवी भरली. पडवीत तर फ्रिजपेक्षा जास्त थंडी.

"इतकं कशाला केलंत?" कार्लीन प्रत्येकाला म्हणायची. ती शहरात राहून विसरली होती.

"जास्तच झालं होतं," लेम्पी म्हणाली. "टाकून द्यावं लागलं असतं."

गॉर्डी मॅकीने बर्फ लोटायच्या गाडीने आमच्या अंगणातला बर्फ रस्त्याच्या कडेला लोटून दिला. गावचे रस्ते आणि पाण्याचे नळ तो बघतो. मी दारात जाऊन हात वर केला, तर त्याने खिडकीची काच जरा खाली केली. "गाडी वळवायची होती," तो ओरडला, "जागा लागते वळवायला!" आणि काच वर करून गेला.

आमच्याकडे उपकार असे करतात. वाटेतच होतं, उरलंच होतं, करायचंच होतं. आभार मानले तर समोरचा टोपी घालून निघून जातो आणि पुढचे चार दिवस तोंड चुकवतो. आमचे आजे फिनलंडहून समुद्र ओलांडून इथल्या खाणीत कामाला आले तेव्हा हीच सवय घेऊन आले. खाण बंद पडली, सवय राहिली. इम्पी म्हणायची, या गावात कोणी बुडत असलं तर लोक त्याला बाहेर काढतील आणि म्हणतील, आम्हाला पोहायचंच होतं.

गुरुवारी कार्लीन खिडकीपाशी उभी होती. "डॅड, टेकडीवर धूर कसला?"

"कचरा जाळत असतील."

"जानेवारीत?"

मी उठून बघितलं नाही. त्या दिवसांत मला खुर्चीतून उठायचं म्हणजे आधी ठरवावं लागायचं. मी हात गुडघ्यांवर ठेवून बसायचो आणि दगडी घराच्या दाराचा विचार करायचो. शब्द मोडणार हे आता नक्की होतं. ती काही बोलायला येणार नव्हती, आणि तेच वाईट होतं. ती रागावली असती तर मला चाललं असतं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. जो कोणी भेटायला येई त्याच्या कोटाला धुराचा वास येत होता. लेम्पीच्या, गॉर्डीच्या, चर्चच्या पाळकांच्यासुद्धा. मला वाटलं, थंडी फार आहे, सगळ्यांच्या शेगड्या जोरात आहेत.

फक्त ओन्नी साल्मेला आला नाही. तो यायला हवा होता.

ओन्नी ऐंशीच्या पुढचा. लग्न नाही. तळ्याच्या काठी एकटा राहतो, जाळी टाकतो, सगळ्यांवर चिडतो. गावातल्या एकट्या पुरुषांचे केस इम्पी कापायची, आमच्या स्वयंपाकघरात, शनिवारी, साउनाच्या, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या, आधी. खांद्यावर पिठाच्या पोत्याचा पंचा टाकून ती त्यांना खुर्चीत बसवायची. सगळ्यांत जास्त तक्रार ओन्नीची. पाणी थंड आहे, कात्री बोथट आहे, मागच्या वेळी एक बाजू जास्त गेली होती.

"तुझ्या डोक्यावर बाजू उरलीय कुठे?" इम्पी म्हणायची.

दफनभूमीतली शेवटची जागा, बर्चच्या झाडाखालची, ओन्नीने कधीच घेऊन ठेवली होती. त्याचं त्याला फार होतं. सगळ्या टेकडीवरून तेवढ्या एका ठिकाणाहून झाडांच्या फटीतून तळं दिसतं, आणि तळ्यावरचा त्याचा लाकडी धक्का. "तिथे पडून बघत राहणार मी," तो खुर्चीतून सांगायचा, "माझी जाळी कोण उचलतंय ते."

"मेल्यावर तरी डोळे मीट रे," इम्पी म्हणायची, आणि त्याची मान पुढे वाकवायची.

त्याच रांगेत आमच्या जागा. आधी माझे वडील, मग आई, मग इम्पीची, मग माझी, आणि माझ्यानंतर बर्चखाली ओन्नीची. माझ्या आईचं आणि ओन्नीचं पटत नव्हतं. फार पूर्वी आईची गाय त्याच्या वाळत घातलेल्या जाळ्यांवरून चालत गेली होती. गाय गेली, जाळी गेली, आईही गेली, पण ओन्नी आमच्या घरी आला की भिंतीवरच्या तिच्या फोटोकडे पाठ करून बसायचा.

शुक्रवारी सकाळी मी झाडू शोधायला लागलो.

"काय हवंय, डॅड?"

"झाडू. टेकडीवर जायचंय."

"झाडू घेऊन?"

"त्या घरात पाला साठला असेल. उंदीर असतील." मी दारामागे बघितलं. "बाकी काही करता येत नाही, तर निदान आतून झाडून ठेवतो."

कार्लीनने मला कोट घातला, बटणं लावली, जशी मी तिला लहानपणी लावून द्यायचो. मग तिने गाडी काढली.

टेकडीचा रस्ता हिवाळ्यात बंद असतो. त्या दिवशी तो मोकळा होता, दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, मध्ये लाकडाच्या सालीचे तुकडे पडलेले. फाटकाशी चार गाड्या उभ्या. दगडी घरापुढचा बर्फ तसाच होता, गुडघाभर, कुणाचं पाऊल पडलेलं नव्हतं. पायवाट दुसरीकडेच गेली होती, मागच्या रांगांकडे. तिथून धूर येत होता.

आम्ही त्या पायवाटेने गेलो. मी हातात झाडू घेऊन.

तिथे दहाबारा माणसं होती. तेलाची पिंपं उभी चिरून त्यांची अर्धुकं जमिनीवर पालथी घातलेली, कडेने वाळू दाबलेली, आत निखारे. जमिनीखाली नळ गोठला की गॉर्डी असंच करतो. रस्त्यावर आग लावून झाकून ठेवायची, दिवसभर तिला खायला घालत राहायचं, वरचा थर मऊ झाला की तो काढायचा आणि पुन्हा खालच्या थरावर आग. नळासाठी हातभर खड्डा पुरतो. इथे माणसाच्या लांबीचा खड्डा होता आणि गॉर्डी त्यात छातीपर्यंत उभा होता.

मला बघून सगळे थांबले. शिपायाने चोर पकडावेत तशी तोंडं झाली सगळ्यांची.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"काही नाही," गॉर्डी खड्ड्यातून म्हणाला. "जरा शेकत होतो."

"दफनभूमीत?"

"इथे वारा कमी लागतो," लेम्पी म्हणाली. टेकडीवर इतका वारा होता की तिला एका हाताने टोपी धरून बोलावं लागत होतं.

कार्लीनला आधी कळलं. तिने हातमोजा तोंडावर दाबला. मग मला कळलं. धुराचे कोट, मोकळा रस्ता, बंद केलेला नळ. इतके दिवस ते इथे होते. पाळीपाळीने लाकूड घालत, थर काढत, आणि खाली माझ्या घरी येऊन, जेवण उरलं होतं असं सांगत.

मला काहीतरी म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं, आणि माझी नजर वर गेली.

वर बर्च होता. अगदी वर, डोक्यावर. खड्ड्याच्या भिंतीतून त्याची तोडलेली मुळं बाहेर आली होती, पांढरी, बोटाएवढी. आणि झाडांच्या फटीतून गोठलेलं तळं दिसत होतं, आणि तळ्यावर ओन्नीचा धक्का.

ही आमची जागा नव्हती.

बर्फाखाली सगळे दगड झाकलेले. आमच्याकडचे दगड जमिनीत सपाट बसवलेले असतात, हिवाळ्यात त्यांचा पत्ता लागत नाही. मी खड्ड्याकडे बघितलं. गॉर्डीच्या कोटाच्या बाहीला जळून भोक पडलं होतं. लेम्पीच्या भुवया राखेने करड्या झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी इम्पीला आणणार होते. मी गप्प बसलो असतो तर तिला माती मिळाली असती आणि माझा शब्द राहिला असता. कोण बघायला येणार होतं? बर्फ होता सगळीकडे.

पण दुसऱ्याच्या जागेत तिला कशी ठेवणार? उधार आणलेली साखरसुद्धा ती वाटीला शीग लावून परत करायची.

"गॉर्डी," मी म्हटलं. "ही माझी जागा नाही."

"म्हणजे?"

"ही ओन्नीची आहे. आमच्या दोन अलीकडे."

निखारे तडतडले. गॉर्डीने फावडं खड्ड्याच्या काठावर ठेवलं.

"इम्पी नेहमी सांगायची, माझी जागा बर्चपाशी."

"बर्चपाशी. बर्चखाली नाही."

लेम्पी त्याच्यावर उखडली. "मी तुला म्हटलं होतं ना, आधी नीट विचार म्हणून!"

"कुणाला विचारू? तूच म्हणालीस रुडीला विचारायचं नाही! म्हणालीस, त्याला कळलं तर तो नको म्हणेल!"

"म्हणालाच असता!"

"म्हणालो असतो," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? माझ्यासाठी इतक्या लोकांनी थंडीत उभं राहायचं म्हटल्यावर मी नकोच म्हणालो असतो.

"मग?" गॉर्डी म्हणाला. "घ्या आता."

पुन्हा पहिल्यापासून म्हणजे पुन्हा तितकेच दिवस. लाकूड संपत आलं होतं. रेडिओवर आणखी थंडी सांगितली होती आणि वारा उत्तरेचा होता. गॉर्डी खड्ड्यातच उभा राहिला, जणू वर यायला त्याला लाज वाटत होती. लेम्पी डोळे पुसायला लागली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की धूर फार होतोय.

"लाकूड घाला," कोणीतरी म्हणालं. "आग बसतेय."

पिंपाच्या पलीकडे, उलट्या बादलीवर, ओन्नी बसला होता. कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली, हातात सळई. तो तिथे आहे हे मी तोवर बघितलंच नव्हतं.

"ओन्नी, ऐकलंत ना?" गॉर्डी म्हणाला. "ही तुमची जागा आहे."

"मला माहीत आहे माझी जागा कुठे आहे."

"आता कळलं ना?"

"आता कशाला? पहिल्या दिवशीच."

"पहिल्या दिवशी? मग बोलला का नाहीत?"

ओन्नीने सळईने निखारे सरकवले. घाई नव्हती त्याला. "मी आलो तेव्हा आग पेटली होती. पेटलेली आग कोण विझवतं? लाकडं वाया गेली असती."

"लाकडं तर तुमचीच होती!"

"म्हणूनच."

कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. मी पिंपाला वळसा घालून त्याच्यापाशी गेलो. झाडू अजून माझ्या हातातच होता.

"ओन्नी, इथून तुझा धक्का दिसतो."

"दिसतो."

"मग तुझी जाळी?"

"जाळी आता कोण उचलतंय? सगळे दुकानातून मासे आणतात." त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "तू मला तिची जागा दे. झालं. तुमचं तर शेजारी-शेजारीच राहतं. ती या बाजूला, एवढाच फरक."

मी मनात रांग लावून बघितली. त्याचं बरोबर होतं. माझी जागा मधली, इम्पी माझ्या एका बाजूला होती ती दुसऱ्या बाजूला येणार. पलंगावर कूस बदलावी तसं.

पण एक सांगायला हवं होतं. "ओन्नी, ती जागा माझ्या आईच्या शेजारी आहे."

हे मात्र त्याच्या लक्षात आलं नव्हतं. सळई थांबली. सगळी टेकडी त्याच्याकडे बघत होती. मला वाटलं, इथे सगळं अडणार.

"ती कुठल्या बाजूला येईल?" त्याने विचारलं.

"उजव्या."

"त्या कानाने मला तसंही ऐकू येत नाही," ओन्नी म्हणाला.

तेव्हा लेम्पी हसली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि मग कोणी कोणाकडे बघेना. गॉर्डीने फावडं उचललं.

मी म्हणालो, "ऐका, मला तुम्हा सगळ्यांना..."

"कॉफी घे, रुडी," लेम्पी घाईने म्हणाली आणि थर्मासचं झाकण माझ्या हातात कोंबलं. "नाहीतर ओतून द्यावी लागेल."

मी कॉफी घेतली. वेलची घातलेल्या गोड पावाचा तुकडा कोणीतरी दुसऱ्या हातात ठेवला. माझा झाडू गॉर्डीच्या भावाने काढून घेतला आणि तो पायवाट झाडायला गेला, ती स्वच्छच होती तरी. आणि ओन्नी बादलीवरून उठला.

"बस," तो मला म्हणाला. "माझे पाय आखडलेत."

त्याने सळई माझ्या हातात दिली. डॉक्टरांनी मला खोदायची बंदी केली होती, आगीला लाकूड घालायची केली नव्हती. कार्लीन लाकडं आणून द्यायची, मी सरकवायचो. पिंपं आणि निखारे पुन्हा खड्ड्यात उतरवले; शेवटचा थर राहिला होता. तो आम्ही दोघांनी वितळवला, मी आणि माझ्या मुलीने. मला त्या आठवड्यात पहिल्यांदा करायला काहीतरी होतं. सरपण सरकवताना मी इम्पीशी मनातल्या मनात बोललो. फार नाही. म्हटलं, हे बघ, चाललंय.

संध्याकाळ व्हायच्या आत गॉर्डीचं फावडं मऊ मातीत शिरलं. खाली गोठलेला थर संपला होता.

शनिवारी चर्चमध्ये तिची आवडती गीतं म्हटली. मग टेकडी. गॉर्डी आणि इतरांनी दोरांवर पेटी खाली सोडली. खड्ड्याच्या तोंडावर हलकी वाफ होती, थंडीत माणसाच्या तोंडून येते तशी. पाळकांनी प्रार्थना म्हटली. मग मी वाकून मूठभर माती घेतली. हातमोजा काढूनच घेतली, कारण तशीच घेतात.

माती कोमट होती.

मी ती टाकायची विसरलो. हातात धरून उभा राहिलो. सगळीकडे बर्फ, तळं पांढरं, नाकातला श्वास गोठत होता, आणि माझ्या मुठीत जानेवारीतली कोमट माती. कार्लीनने शेवटी माझ्या कोपराला हात लावला. मी मूठ सोडली.

खाली चर्चच्या तळघरात जेवण झालं. सगळे हवामानाबद्दल बोलले. कोणी माझ्यापाशी दोन मिनिटांच्या वर उभं राहिलं नाही, न जाणो मी आभार मानायला लागेन म्हणून. ओन्नी कोपऱ्यात बसून म्हणत होता की मासा कच्चा राहिलाय. त्याने तीनदा घेतला.

रविवारी कार्लीन गेली. निघताना गाडीत बसली, इंजिन चालू केलं, परत बंद केलं. "डॅड, त्यांना काय द्यायचं आपण?"

"भांडी परत द्यायची," मी म्हटलं.

"एवढंच?"

मी तिच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ बाहीने पुसला.

भांडी मी परत दिली. रिकामी देत नाहीत, म्हणून इम्पीने उन्हाळ्यात करून ठेवलेल्या रानफळांच्या मुरंब्याची एकेक बरणी प्रत्येक भांड्यात ठेवली. बरण्या पुरल्या. शेवटच्या भांड्यापर्यंत पुरल्या, आणि माझ्यासाठी एक राहिली. ती मी अजून उघडलेली नाही.

मग एके दिवशी गॉर्डी ती अर्धुकी पिंपं घेऊन आला आणि न विचारता माझ्या शेडमध्ये उतरवायला लागला.

"हे काय?"

"माझ्याकडे जागा नाही," तो म्हणाला. त्याची शेड माझ्या दुप्पट आहे. "आणि पुढच्या वेळी आगीपाशी बसायला माणूस लागेल. बसून राहायला कोणाला वेळ असतो? तुला आहे."

"आहे," मी म्हणालो.

"पुढच्या वेळी मात्र आधी जागा विचारून घ्यायची," गॉर्डी म्हणाला आणि गाडीत बसून गेला.

मार्चमध्ये, शनिवारी, दारावर थाप पडली. ओन्नी होता. त्याने टोपी काढली आणि मला धक्काच बसला. कानांवरचे केस कॉलरपर्यंत आले होते, मानेवर दोरीसारख्या बटा. इम्पी गेल्यापासून त्याने कात्री लावली नव्हती. शहरात न्हावी आहे, बसही जाते.

"इकडून चाललो होतो," तो म्हणाला. त्याचं घर तळ्यापाशी, आमच्या घरावरून कुठेही जायची वाट नाही.

तो आत आला आणि त्याच खुर्चीत बसला. मला वाटलं कॉफीला आलाय. मी कॉफी ठेवली. तो प्यायला. मग तसाच बसून राहिला, हात मांडीवर, मान जरा पुढे वाकवून.

मला कळायला वेळ लागला.

कात्री खिडकीपाशी खिळ्याला होती, तिने टांगली होती तशीच. पिठाच्या पोत्याचा पंचा खणात, घडी घातलेला, तिच्याच घडीचा. मी तो उलगडला आणि त्याच्या खांद्यावर टाकला. मी आयुष्यात कुणाचे केस कापले नव्हते.

"पाणी थंड आहे," ओन्नी म्हणाला.

"अजून लावलंच नाही."

"लावशील तेव्हा असेल."

मी कापायला लागलो. एक बाजू जास्त गेली, म्हणून दुसरी कापली, मग ती जास्त गेली. ओन्नी नेहमीसारखा तक्रार करत राहिला, कात्री बोथट, खुर्ची डुगडुगते. पण डोकं त्याने अगदी स्थिर धरलं होतं. मध्येच माझ्या लक्षात आलं की या वेळी तो माझ्या आईच्या फोटोकडे तोंड करून बसला आहे.

"सवय करतोय," तो म्हणाला.

झाल्यावर मी त्याच्यापुढे आरसा धरला. त्याने डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मागे हात फिरवला. मी एका ठिकाणी अगदी कातडीपर्यंत गेलो होतो.

"कान दोन्ही आहेत," तो म्हणाला.

त्याने टोपी घातली आणि दारापर्यंत गेला. मला वाटलं, आता बोलावं. मनात सगळं तयार होतं: आग, लाकडं, तळ्यावरचा धक्का. मी तोंड उघडलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसली. अगदी खरी भीती, पळून जावं अशी.

म्हणून मी गिळलं.

"पुढच्या महिन्यात इकडून जाणं झालं तर ये," मी म्हटलं. "कात्री गंजू नये म्हणून मला ती वापरायचीच असते."

ओन्नीने हुंकार भरला. त्याचा चेहरा सैल झाला. पायऱ्या उतरून तो तळ्याच्या दिशेने गेला. मी केर काढला, पंचा झटकला, आणि तिने घातली असती तशी घडी घालायचा प्रयत्न केला.